न सोडलेली पट्टी

१

सृष्टीला वाटलं होतं, पप्पांचा की-बोर्ड मेलेला सापडेल. धुळीने माखलेला, उंदरांनी वायर कुरतडलेला, पट्टी दाबली तर आत बसेल आणि वर येणार नाही असा. ग्लासगोच्या वसतिगृहात बसून तिने त्याच्या दुरुस्तीची सगळी तयारी करून ठेवली होती. पट्ट्यांखालची रबरं कशी बदलायची, गंजलेले सांधे कशाने पुसायचे, सगळं वाचलं होतं. बॅगेत बारीक स्क्रूड्रायव्हरांचा एक संचही आणला होता.

प्रत्यक्षात तो चालू होता.

खिडकीखालच्या टेबलावर आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा पांघरलेला, आणि त्या साडीच्या विणीतून छोट्या पडद्याचा हिरवा उजेड झिरपत होता. सृष्टीने तुकडा उचलला. एकाही पट्टीवर धूळ नव्हती.

"आई, हा चालू कसा?"

"चालूच असतो." आई कूकरला शिट्टी लावत होती. "बंद केला की त्याच्यातलं सगळं जातं, असं तुझे पप्पा म्हणायचे. आतली बॅटरी गेलीय ना त्याची."

"म्हणजे पप्पा गेल्यापासून एकदाही बंद नाही केलास?"

"कसा करणार? लाइट जाते म्हणून इन्व्हर्टर घेतला. शेजारची लताबाई हसते मला. म्हणते, सरिता, तुझ्याकडे फ्रिज नाही, पण बाज्याला इन्व्हर्टर!"

गंगापूर रोड सोडून आत वळलं की कालव्याकडच्या अंगाला जी जुनी कॉलनी लागते, तिथे दुसऱ्या मजल्यावर दोंद्यांच्या या दोन खोल्या. यादव दोंदे दिवसा ओझरच्या कारखान्यात कामाला जायचे आणि गाण्याच्या हंगामात रात्ररात्र भीमगीतांचे कार्यक्रम करायचे. ते की-बोर्ड वाजवायचे, बायको गायची, सायखेड्याचे सहादूकाका ढोलकीवर. त्यांच्या या गायन पार्टीची गाणी यादवरावांनीच रचली, पण कागदावर एक ओळ उतरवली नाही. शब्द सरिताच्या तोंडात आणि साथसंगत त्या की-बोर्डच्या पोटात, अशी वाटणी. सृष्टी शिकायला गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी ते हृदयविकाराने गेले. आईने गाणं सोडलं आणि थोड्याच दिवसांत तिला दमा लागला.

सृष्टी ध्वनिसंग्रहाचं शिक्षण घेऊन परत आली होती. तिथे चांगली नोकरी मिळत असताना आली होती, आणि का आलीस असं कुणी विचारलं की तिचे कान तापायचे. "आपल्या माणसांचा आवाज दुसऱ्यांनी कपाटात घालून ठेवायचा आणि आपण तो ऐकायला तिकीट काढून जायचं, असं किती दिवस चालणार?" हे ती विमानात शेजारच्या माणसालाही म्हणाली होती. तिला ही गाणी की-बोर्डच्या पोटातून संगणकावर उतरवून घ्यायची होती. रविवारी समाजमंदिरात कॉलनीतल्या मुली पहिल्यांदा जमणार होत्या. त्यांना सरिता दोंदेची गाणी यादव दोंदेच्या साथीवर म्हणायला मिळतील, असं ती सगळ्यांना सांगून बसली होती.

हिरव्या पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं चित्र उघडझाप करत होतं. म्हणजे घाई होती.

२

की-बोर्ड इतका जुना की त्याला मागे पाच भोकांची दोन गोल तोंडं होती. हल्लीच्या संगणकाला असं तोंडच नसतं. मधे घालायला एक वायर लागते, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला दोन गोल पिना. संगणकही चुलतभावाने टाकून दिलेला, पंखा घरघरणारा. नवीन काही घ्यायचं नाही, असलेल्यात भागवायचं, हे सृष्टीने स्वतःलाच बजावलं होतं. कॉलनीतल्या कुठल्याही पोरीला उद्या असंच भागवावं लागणार होतं.

एम. जी. रोडवरच्या दुकानदाराने फोनवरचा फोटो मोठा करून बघितला.

"मॅडम, हे वाद्य म्युझियमला द्या."

"तुम्ही वायर द्या. म्युझियमचं मी बघते."

"चांगली पाहिजे तर मागवावी लागेल. ही लोकल आहे, चालते. फक्त एकदम जास्त माल आला की मधलं एखादं खाते."

"खाते म्हणजे?"

"म्हणजे सूर चालू झाल्याचं कळवते, बंद झाल्याचं कळवायचं विसरते. मग तो एकच सूर पीऽऽऽ करत राहतो. घाबरायचं नाही. सॉफ्टवेअरमध्ये 'पॅनिक' म्हणून बटण असतं, ते दाबलं की सगळं गप्प."

"बटणाचं नावच पॅनिक, आणि घाबरायचं नाही?"

दुकानदार हसला आणि वायर पिशवीत टाकली.

घरी येऊन तिने जोडणी केली, आणि पहिल्यांदा सगळेच चुकतात तशी ती चुकली. 'इन' लिहिलेली पिन 'इन' लिहिलेल्या तोंडात घातली. मग लक्षात आलं की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जायला हवं. पिनांची अदलाबदल केली.

"यातून गाणं जाणार?" आईने वायर दोन बोटांत धरून बघितली.

"गाणं नाही जात, आई. आवाज जातच नाही. फक्त निरोप जातात. ही पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आता सोडली. बस. दाबली आणि सोडली."

"आणि मधे थांबले ते?"

"त्याचा निरोप नसतो. पुढचा निरोप उशिरा येतो, एवढंच."

आईने वायर खाली ठेवली. "मग निम्मं जाणारच नाही," ती म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.

३

पहिलं गाणं उतरलं तेव्हा सृष्टी खुर्चीत अक्षरशः उडाली. संगणकाच्या पडद्यावर छोट्या छोट्या विटा उमटत गेल्या, पप्पांच्या बोटांखालची एकेक पट्टी. आधी सुरुवातीचा तुकडा, मग गायिकेसाठी मोकळी जागा, मग ओळीच्या शेवटी दिलेलं उत्तर. 'तळं खुलं झालं बाई, ओंजळ भर आता.' हे गाणं ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. आई स्वयंपाकघरात होती, ओठ मिटून.

खात्री करावी म्हणून तिने तेच गाणं पुन्हा उतरवलं आणि दोन्ही एकावर एक ठेवली.

ती जुळली नाहीत. सूर सगळे तेच होते. मोकळ्या जागा वेगळ्या होत्या. एके ठिकाणी जागा थोडी रुंदावली होती, दुसरीकडे आखडली होती. यंत्रात साठवलेलं गाणं दरवेळी सारखंच वाजतं, त्याला दुसरं काही येतच नाही. वायर लोकल, संगणक म्हातारा, निरोप रेंगाळत असतील, असं तिने ठरवलं. वायर काढली आणि नुसता की-बोर्ड वाजवून फोनवर वेळ बघितली. तरीही दोनदा वाजवलं तर दोन वेगळ्या वेळा.

तेवढ्यात आईने पिशवी उचलली. "गिरणीत जाऊन येते. दळण पडलंय."

दार लागलं. सृष्टीने पुन्हा बटण दाबलं. सुरुवातीचा तुकडा वाजला, गाणाऱ्याला सूर देऊन संपला.

पुढे काहीच आलं नाही.

की-बोर्ड बंद पडला नव्हता. दिवा लागलेला होता, हिरव्या पडद्यावर गाणं चालू असल्याची खूण होती. फक्त मात्रा मोजणारा आकडा जागच्या जागी उभा होता. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. शेजारी कुणीतरी मिक्सर लावला आणि बंद केला. सृष्टी हात मांडीवर ठेवून बसली. मेमरी खराब झालीय, ती स्वतःशी म्हणाली, बॅटरी गेली की असंच होणार. पण यंत्र बिघडल्यावर जशी निपचित शांतता येते तशी ही नव्हती. कुणीतरी समोर बघत, बोटं अधांतरी धरून बसावं, तशी होती.

बऱ्याच वेळाने जिन्यात चपला वाजल्या. आई वर आली. दळणाचा डबा उंबऱ्यात टेकवून, चौकटीला धरून तिने मोठा श्वास आत घेतला आणि सोडला.

तिच्या मागोमाग, अगदी हलक्या हाताने, की-बोर्डने ओळीचं उत्तर दिलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी सहादूकाका आले. सायखेड्याहून येताना पिशवीभर कांदे आणि कोथिंबिरीची जुडी.

"जय भीम, वहिनी! आली का तुमची विलायती लेक? दाखवा बरं, गोरी झाली का?"

"काका, जय भीम. झाले असेन तर सांगा."

"नाय गं, आपलीच हाय. दुकान मात्र लय मांडलं. ही वायर कसली? यादवदादाच्या बाज्याला सलाईन लावलं का काय?"

सृष्टी हसली, आणि हसतानाच तिला हायसं वाटलं. आई चहा टाकायला आत गेल्यावर तिने काकांना खालच्या आवाजात कालची गोष्ट सांगितली.

"त्यात काय नवल?" काकांनी मांडीवर थाप मारली. "वहिनी थांबली की दादा थांबायचा. पुढं कधी गेला नाय. मी ओरडायचो, अरे दादा, ठेका पळतोय! तर म्हनायचा, पळू दे, तिचा श्वास होऊ दे. लगीन केलं व्हतं त्यानं, नुसती साथ नव्हती."

"तेव्हा थांबायचे, काका. हे रेकॉर्डिंग आहे."

"मग तवाच थांबला आसंल. तेच वाजतंय. तुझं कान तिकडच्या थंडीनं बिघडलं, पोरी."

तेच तिने रात्रभर स्वतःला सांगितलं होतं. पण तिच्या फोनमध्ये एक जुनी चित्रफीत होती, वसतिगृहात असताना शेकडो वेळा ऐकलेली. कॉलनीतलाच एप्रिलमधला कार्यक्रम, पप्पा होते तेव्हाचा. तिने ती लावली. आईचा आवाज, भरलेला, रुंद, एका दमात: 'तळं खुलं झालं बाई ओंजळ भर आता.' मधे कुठेही फट नाही.

मग तिने की-बोर्ड लावला.

सुरुवातीचा तुकडा. मोकळी जागा. आणि 'बाई' जिथे येतं तिथे पप्पांनी दोन सूर दिले होते, बारीक, सावरून धरल्यासारखे. गाणारीचा दम तिथे तुटतो, हे ओळखून दिलेले. मग पुन्हा जागा, आणि मग उरलेली ओळ.

"आईला दमा लागला तो पप्पा गेल्यावर," सृष्टी म्हणाली. "ती आता अशी थांबते. तेव्हा थांबत नव्हती. हे त्यांना कसं माहीत?"

 आईने चहा आणला तेव्हा सहादूकाका खुर्ची फिरवून, की-बोर्डकडे पाठ करून बसले होते. आईशी पावसाचं, कांद्याचं, नातवाच्या शाळेचं बोलले. चहा अर्धाच प्यायले. जाताना उंबऱ्यात चपला चढवता चढवता म्हणाले, "पोरी, आसूं दे जसं हाय तसं. उगं नीट करू नगंस."

५

पण नीट करणं हेच तर ती शिकून आली होती.

दुपारभर तिने विचार केला आणि विचाराने सगळं जागेवर आणलं. बॅटरी मरतेय, साठवलेल्या वेळा सैल पडल्या आहेत, एखाद्या जुन्या सदऱ्याची शिवण सुटावी तशा. 'बाई'नंतरचे दोन सूर कुठल्यातरी दुसऱ्या गाण्यातून इकडे सांडले असतील. आई गिरणीतून आली तेव्हा उत्तर मिळालं हा योगायोग. माणसाला दोन गोष्टी पाठोपाठ घडलेल्या दिसल्या की तो त्यांना दोरी बांधतो. हे वाक्य तिने स्वतःच्या निबंधात लिहिलं होतं आणि तिला त्याचे गुणही पडले होते.

आणि रविवार जवळ येत होता. मुलींना एकत्र गायचं तर साथ एका चालीने हवी. मनाला येईल तिथे थांबणाऱ्या साथीवर कोण गाणार?

सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक आज्ञा असते. सगळे सूर निवडायचे आणि ठरल्या मापाच्या रेघांवर आणून बसवायचे. वाकडंतिकडं सगळं एका झटक्यात सरळ होतं. तिने ती दिली. विटा हलल्या, खट्खट जागेवर बसल्या. मोकळ्या जागा एकसारख्या झाल्या, मापाने कापल्यासारख्या. वायरीच्या दुसऱ्या पिनेतून तिने ते गाणं परत की-बोर्डच्या पोटात पाठवलं, जुन्याच्या जागी. वाजवून बघितलं. कुठेही न अडखळता, न थांबता ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेलं. तिला अभिमान वाटला. थोडं रितंही वाटलं, पण ते तिने थकव्यावर ढकललं.

जेवताना आई म्हणाली, "सहादूभाऊंनी कांदे, चांगले आणले या, वेळी. उद्या थोडे, लताबाईला देऊ, म्हणते."

सृष्टीने घास हातात धरला.

"आई, दम लागतोय का?"

"नाही गं, बरी आहे, मी आज. उलट हलकं, वाटतंय जरा."

शब्द संपो न संपो, आई थांबत होती. वाक्याच्या मध्ये, कधी शब्दाच्या उंबऱ्यात. दम लागलेलं माणूस असं थांबत नाही; ते कधी लवकर थांबतं, कधी ओढून नेतं. आईचं थांबणं सारखं होतं. सृष्टीच्या नकळत तिचं बोट ताटाच्या कडेवर पडू लागलं, आणि दर वेळी बोट पडलं की आईचा श्वास आत जात होता.

तिने हात मांडीखाली दाबून धरला.

६

सकाळ तिने कशीबशी ढकलली. आईकडे न बघता, पण कान आईकडेच ठेवून. झाडू एका मापात फिरत होता. त्याच मापात भांडी विसळली जात होती. दुपारी आई भाकरी थापायला बसली तेव्हा सृष्टीने संगणक चालू केला. सरळ करण्याआधीचं गाणं तिच्याकडे होतं, पहिल्या दिवशी उतरवलेलं. ते परत पाठवायचं, जसं होतं तसं करायचं, आणि मग या वायरीला हातही लावायचा नाही.

गाणं अर्ध्यावरच सोडावं लागू नये म्हणून तिने सगळं एकदम पाठवलं.

संगणकाचा पंखा घरघरला. की-बोर्ड आपणहून वाजू लागला. सुरुवातीचा तुकडा, मोकळी जागा. स्वयंपाकघरात भाकरीवर थापा पडत होत्या, थप, थप, थप. मग ओळीचं उत्तर, मग पुढचा सूर.

तो सूर थांबला नाही.

एकच सूर, मध्यम उंचीचा, पीऽऽऽ करत राहिला. वायरीने खाल्लं, तिच्या डोक्यात आलं, सोडल्याचा निरोप खाल्ला. दुकानदाराने सांगितलंच होतं. ती जवळजवळ हसणार होती.

थापा बंद झाल्या होत्या.

"आई?"

 स्टोव्हवर तवा, तव्यावरची भाकरी करपू लागल्याचा वास. सृष्टी दारापर्यंत गेली. आई पाटावरून अर्धी उठलेली होती. पिठाचे दोन्ही हात पुढे धरलेले, तोंड किंचित उघडं, नजर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीच्या जरा खाली, जिथे काहीच नव्हतं. छाती वर आलेली आणि तिथेच थांबलेली. ती गुदमरत नव्हती, तडफडत नव्हती. तिला कुणीतरी धरून ठेवलं होतं. सूर वाजत होता आणि आईचा चेहरा हळूहळू राखाडी होत होता.

सृष्टीने तिला हलवलं. खांदे दगडासारखे. ती उलटी धावली, माऊस हातात घेतला, पडद्यावर ते पॅनिकचं बटण शोधू लागली, आणि तेव्हा तिची नजर की-बोर्डवर गेली.

यंत्र आपणहून वाजतं तेव्हा पट्ट्या हलत नाहीत. आवाज आतून येतो. पट्ट्या तशाच, सपाट राहतात.

एक पांढरी पट्टी खाली गेलेली होती. कुणीतरी दाबून धरावी तशी, शेजारच्या दोन पट्ट्यांच्या कडा उघड्या पडतील इतकी खोल.

तिने बटण दाबलं.

सूर तुटला. पट्टी मात्र लगेच वर आली नाही. सावकाश, बोट उचलायचं मनात नसल्यासारखी, आली.

आत आईने एवढ्या जोरात श्वास ओढला की खिडकीबाहेरचा पत्राही वाजला असं सृष्टीला वाटलं.

७

कॉलनीतले डॉक्टर येऊन गेले. दमाच आहे, पिठाची धूळ छातीत गेली असेल, पंप जवळ ठेवा, म्हणाले. सृष्टीने मान डोलावली. तिला ते खरं मानायचं होतं, आणि संध्याकाळ होईपर्यंत तिने मानलंही.

आई खुर्चीत बसली होती, उशी पाठीला. बोलणं अजून मापातच होतं, पण आता मापही आखूड झालं होतं.

"तू ते, सरळ केलंस, ना?"

सृष्टीला रडू फुटलं. "तुला माहीत होतं?"

"रोज दुपारी, लावते मी. मोठ्याने म्हणायला, दम नाही पुरत. मनात म्हणते. ते थांबतात, माझ्यासाठी." तिने की-बोर्डकडे बघितलं, घरातल्या माणसाकडे बघावं तसं. "कालपासून थांबत नाहीत. मलाच ओढून, नेतात पुढे."

"मी जुनं परत पाठवलं होतं, आई."

"जुन्यात जुने, श्वास असणार. आजचे कुठून, येतील त्यात?"

सृष्टी उठली आणि भिंतीवरच्या स्विचपाशी गेली. बोट स्विचवर ठेवलं. बंद केला की त्यातलं सगळं जातं. सगळं म्हणजे काय काय, हे तिला आता सांगता आलं नसतं. कदाचित फक्त गाणी जातील, कदाचित आई मोकळी होईल. कदाचित तो राखाडी चेहरा पुन्हा दिसेल आणि या वेळी दाबायला बटण नसेल. करून बघण्यासारखी ही गोष्ट नव्हती. तिने बोट काढून घेतलं.

"पार्टीत कुणाचा दम, संपला तर काय करायचं?" तिने विचारलं, आणि आपणही मधेच थांबलो हे तिच्या लक्षात आलं.

आईने उशी सरकवून पाठ सावरली.

"मागच्या बाईच्या खांद्यावर, हात ठेवायचा. गाणं चालू असतानाच. पुढच्या श्वासाला ती, गाणं उचलायची. वाजवणारा मग, तिच्या मागे जायचा. पहिलीकडे, बघायचा नाही."

"मग माझ्या—"

"नाही." या एका शब्दात माप नव्हतं. "लहानपणी तू मागे, उभी राहायचीस. तुझे पप्पा डोळ्यांनी, खुणवायचे. ठेव म्हणायचे. मी नाही ठेवला. तू शिकावंस, लांब जावंस. हे मागे लागू, नये तुझ्या."

"मी परत आलेच ना."

"गाणी न्यायला, आलीस. डब्यात भरून."

हे खरं होतं. तिने आईला झोपवलं आणि तिच्या अंथरुणाशी बसून राहिली, त्या सारख्या, कापलेल्या श्वासांकडे कान लावून.

सकाळी आईला उठून बसवत नव्हतं, तरी ती खुर्चीत येऊन बसली. ओठांना निळसर छटा होती. कालव्याच्या बाजूने ऊन आत आलं होतं आणि खाली कुणीतरी स्कूटर चालू करण्यासाठी किक मारत होतं. सृष्टीने मुलींना निरोप पाठवला की रविवारचं पुढे ढकललं आहे. मग तिने वायर की-बोर्डच्या दोन्ही तोंडांतून उपसली, गुंडाळली आणि केराच्या डब्यात टाकली. संगणक बंद केला.

की-बोर्ड तिने चालूच ठेवला. गाणं लावलं.

सुरुवातीचा तुकडा वाजू लागला, घाईघाईत. आईची छाती त्याच्यामागे धावली.

लहानपणी मागे उभी राहणारी सृष्टी आता आईच्या खुर्चीपुढे आली आणि तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसली. तिला गाता येत नव्हतं. आवाज मोजायला शिकली होती ती, लावायला नाही. मागे हात करून तिने आईचा हात शोधला. तो गार होता. तिने तो उचलला आणि स्वतःच्या खांद्यावर आणून ठेवला.

"नको, बाळा," आई म्हणाली.

पण हात तिने काढला नाही. काही क्षणांनी बोटं आवळली गेली, घट्ट, बुडणाऱ्याची आवळावीत तशी.

तुकडा संपत आला. समोरच्या पट्ट्यांकडे न बघता सृष्टीने श्वास आत घेतला.